थांबण्याचं टेंडर

त्र्यंबक रोडवर, जिल्हा परिषदेच्या दुसऱ्या मजल्यावर
पंखा जोरात फिरतो.
फाइली उडू नयेत म्हणून प्रत्येकीवर सिरपची एकेक बाटली :
नमुना, विक्रीसाठी नाही.
मी सांख्यिकी सहायक.
आकडे जुळवायचे, आणि विचारलं तरच बोलायचं.

विषय क्रमांक चार. सहा महिन्यांच्या बाळांमधला रक्तक्षय,
तालुके सुरगाणा, पेठ.
पुरवठादार नाशिकरोडहून आलेला, रंगीत पुस्तिका घेऊन.
मुखपृष्ठावर गुटगुटीत बाळ, आमच्याकडचं नव्हे.
"गुण येतो साहेब. लोक सांगतात."
लोक सांगतात, मी लिहिलं,
आणि पुढचे दोन रकाने कोरे सोडले :
किती लोक?
कुणाच्या तुलनेत?

मग वाघचौरे मॅडम म्हणाल्या,
नाळ कापण्याआधी एक मिनिट थांबा.
जमलं तर तीन.
वारेत राहिलेलं रक्त बाळाचंच असतं, त्याला घरी जाऊ द्या.
हे माझं मत नाही, त्या म्हणाल्या.
कुठे कुठे चिठ्ठ्या टाकून दोन गट केलेत,
कुणाची लगेच कापली, कुणाची थांबून,
आणि महिन्यांनी मोजलंय अंगातलं लोह.

त्या बाळांना आजही ठाऊक नसेल
आपण कुणासाठी साक्ष दिली ते.

खोली गप्प.
मिनिटाला छापील किंमत नसते.
थांबण्याचं टेंडर निघत नाही,
तीन दरपत्रकं येत नाहीत,
उद्घाटनाला कापायला फीतसुद्धा नाही.

कोपऱ्यातून कुणी विचारलं,
ते सगळं तिकडचं. बाऱ्ह्याला लागू पडेल?
त्या दुपारचा पहिला खरा प्रश्न.
मला मात्र सोमीबाई आठवली.

बाऱ्ह्याची दाई. बावीस वर्षांपूर्वीच्या शिबिरात म्हणाली होती,
"नाळ उडं तवर तोडू नाय."
आम्ही हसलो. ब्लेड दिलं, दोरा दिला,
लगेच काप म्हणून सांगितलं,
प्रमाणपत्रावर अंगठा घेतला.
आम्हाला कुणी सांगितलं होतं? पुस्तकानं.
पुस्तकाला? कुणी विचारलंच नाही.

पण थांबा, लगेच तिची आरती नको.
तीच सोमीबाई नाळेवर राख लावायची,
आणि आठव्या दिवशी आखडून गेलेली पोरं
माझ्या जुन्या वहीत आहेत, नावं ठेवायच्या आधीची.
तिथे ती चुकली, इथे आम्ही.
पुरावा कुणाचा सोयरा नाही.
तो दाईच्या झोपडीतही चपला काढत नाही,
साहेबांच्या केबिनमध्येही नाही.

ठराव झाला. निम्मं सिरप मंजूर (असं होतंच),
आणि थांबण्याचं परिपत्रक.
शेवटी टेंडर निघालंच :
प्रसूतिगृहांसाठी सेकंदकाट्याची घड्याळं, नग चौसष्ट.

मार्चमध्ये बाऱ्ह्याला गेले.
घड्याळ होतं, सेल नव्हता.
इंदुमती सिस्टर म्हणाली, मी मोठ्यानं आकडे म्हणते,
बाईपण म्हणते माझ्यासोबत,
साठाच्या पुढं दोघीही चुकतो.

तिचं रजिस्टर चाळलं.
थांबले, थांबले, थांबले.
आणि एका ओळीत, पहाटे पावणेचार,
घाईनं उमटलेलं अक्षर :
थांबले नाही. बाळ रडलं नाही. नाळ कापली, पिशवीनं श्वास दिला.
पुढे, वेगळ्या शाईत : रडलं.

परिपत्रकात ती ओळ नव्हती.
मी तिच्यासाठी एक नवा रकाना आखला.

बाकीचं सहा महिन्यांनी कळेल,
किंवा आकडे इतके थोडे असतील की कळणार नाही,
आणि तसंच लिहावं लागेल मला, दुसऱ्या मजल्यावर,
पंख्याखाली,
बाटली बाजूला सरकवून.